पटावर नाव नाही

इन्स्टॉलर तिसऱ्यांदा म्हणाला: डिस्क सापडली नाही.
आठ डिस्क माझ्या गुडघ्याशी गरगरत होत्या,
पत्र्यावर हात ठेवला तर तळव्याला थरथर कळत होती.
पडद्यावर मात्र कोरी चौकट.

लिएपायाच्या बंदरात जानेवारीत चारलाच अंधारतं.
सर्व्हरची खोली पूर्वी दोरखंडांचं गोदाम होती,
डांबराचा वास अजून भिंतीत मुरलेला.
या यंत्राच्या पोटात तेरा वर्षांचा समुद्राचा तळ आहे:
कुठल्या साली कुठे गाळ साचला,
कुठल्या वादळानंतर जहाजांची वाट
किती वाव उथळ झाली.

स्काइद्रीते म्हणाली, नवं यंत्र पुढच्या बजेटात बघू,
तोवर याच घोड्यावर नवं खोगीर घाल.
जुन्या सिस्टिमला ठिगळं मिळणं जूनपासून बंद होतं.
मी खोगीर आणलं.
खोगीर घोड्याला ओळखेना.

मग विल्निसला फोन केला. हे कंट्रोलर कार्ड
त्यानेच बसवलेलं, निवृत्तीच्या बरंच आधी.
तो ट्रामने आला, काखेत थर्मास.
फाटकावर गुनवाल्दिसने यादी वरून खाली पाहिली,
मग खालून वर.
सत्तावीस वर्षं रोज सकाळी ज्याला मान हलवली
त्याचं नाव तिथे नव्हतं.
शेवटी 'पाहुणा' लिहिलेला बिल्ला दिला.
देताना तो रस्त्याकडे बघत होता,
घेताना हा बुटांकडे.

चष्मा कपाळावर ढकलून विल्निस ओळी वाचत गेला
आणि मध्येच हसला.
"ड्रायव्हर आहे की आत! याच जातीच्या कार्डांचा.
काम सगळं येतं त्याला.
फक्त ओळखायच्या कार्डांच्या पटावरून
याचा नंबर खोडलाय. एवढी एक ओळ."

का, मी विचारलं.

"जुनं कार्ड तपासत कोण बसणार?
बिघडलं तर निस्तरणार कोण?
त्यापेक्षा नाव कमी केलेलं सोपं."
त्याने शहाजिऱ्याच्या पावाचा तुकडा मोडून मला दिला.
रागावलेला वाटला नाही. भुकेला वाटला.

कार्ड उपसलं तर त्याची बॅटरी
पोटुशी मांजरीसारखी फुगलेली.
कपाटात, जुन्या नकाशांमागे, त्याने दडवून ठेवलेलं
जुळं कार्ड निघालं, अजून पिशवीत.
ते बसवलं, बटण दाबलं,
आणि ते म्हणालं: परक्या डिस्क सापडल्या आहेत.

परक्या.
तेरा वर्षं याच कप्प्यांत फिरून झिजलेल्या.
माझं बोट कळफलकावर अधांतरी:
एका कळीने त्या आपल्या होतील,
एका चुकीने सगळा समुद्र कोरडा.
विल्निसने माझं मनगट धरलं,
सावकाश एफवर नेलं.
"पुसायचं नाही. विचारतंय तोवर पुसायचं नाही."

पेन ड्राइव्हवर ती एक ओळ परत घातलेला ड्रायव्हर होता.
या वेळी इन्स्टॉलर पुढे गेला.
सात हिरवे दिवे, आणि तिसऱ्या कप्प्यात
वादळानंतर इथल्या वाळूत सापडतो तसा
तृणमण्याच्या रंगाचा एक.
नवी डिस्क तिथे सरकवली.
आता सात जणी मिळून आठवीला सांगत बसतील
तुझ्यात काय काय होतं.
रात्र लागेल, तो म्हणाला. गडबड करू नकोस.

कोट घालताना आणखी एक बोलला, दाराकडे तोंड करून:
"पुढच्या अपडेटला ती ओळ पुन्हा जाईल बरं का.
पुन्हा घालायची."

शेवटच्या ट्रामसाठी तो वाऱ्यात वाकून चालला,
छातीवर 'पाहुणा' तसाच.
गुनवाल्दिसने खिडकीतून पाहिलं,
बिल्ला परत मागितला नाही,
आडकाठी वर केली,
जी एरवी फक्त गाड्यांसाठी करतो.

मी खाली येऊन थर्मासमधला उरलेला चहा प्यायलो.
नऊ टक्के.
दहा.