नऊ ताटल्या

पोरीनं पिनांगहून पैसे भरले,
आम्ही फक्त जाऊन बसायचं होतं:
विजयनगर, अकरावा मजला,
नऊ ताटल्या, प्रत्येकीत दोन घास.
"तुम्ही काही इकडे यायचे नाही,
तर इकडचं तिथे खा," म्हणाली.

तिला सांगितलं नव्हतं.
फाल्गुनातल्या त्या तापानंतर
ह्यांचं नाक गेलं.
म्हणजे जागेवर आहे, चष्मा पेलतं,
पण फोडणी जळली तरी हे पेपर वाचत बसतात.
जिभेवर उरलं खारट, आंबट, गोड,
सामान हलवल्यावर भिंतीत
खिळे उरावेत तसं.

आणि माणूस कोण?
मल्हारगंजातून नुसतं जाता जाता सांगायचा
कुणाच्या कढईत आज तेल जुनं आहे.
सराफ्यात रात्री एक वाजता गराडू खाताना
ज्याच्याशी बोलायची सोय नसायची.
अजून शर्टाच्या खिशात जिरावणाची पुडी असते.
सवयीनं.

लोकेंद्र नावाचा पोरगा वाकला,
बोलण्यावरून देवासकडचा असावा.
पाठ केलेलं घडाघडा म्हणाला:
हे केळीच्या पानातलं, हे निखाऱ्यावरचं,
ही वाटी चिंचेची, माशाऐवजी
तुमच्यासाठी फणस.
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी हळूच सुरू केलं.

भात नारळाच्या दुधात शिजलाय,
पण आपल्या नारळीभातासारखा लाडात आलेला नाही.
एक पान घातलंय, केवड्याच्या चुलतघरातलं.
तुमच्या आत्याची पत्र्याची पेटी उघडली
की लुगड्यांना यायचा तसा वास, पण ओला.
हे चावत राहिले.
"कुठली पेटी? जिन्याखालची?"
"तीच."

ही आमटी. आमटीच म्हणते.
चिंच पुढे, मागे गवती चहा,
आणि त्याच्याही मागे कुणीतरी
कैरी चिरून हात न धुता गेलंय.
"कोण?"
"मला काय ठाऊक, इतक्या मागचं दिसत नाही."
शेजारच्या टेबलावर फोटो चालले होते.

चौथीला मी खोटं बोलले.
काय आहे ते मलाच कळेना.
म्हटलं, भुट्ट्याचा कीस आहे, पण परदेशी जाऊन आलेला,
इंग्रजी बोलून राहिलाय.
हे हसले.
पाचवी, सहावी सांगता सांगता गार झाली.
माझी जीभ दोघांचं काम करून थकली होती.

मग भाजलेला पाव, आत नारळाचं गोड काहीतरी.
"याला काया म्हणतात," लोकेंद्र म्हणाला.
आम्ही दोघंही जरा थांबलो.
चौसष्ट वर्षांची एक काया
सुरी घेऊन दुसरी कापायला लागली.

आठवीसोबत बोटभर वाटीत लाल चटणी.
मी वास घ्यायला वाकते तोवर
ह्यांनी चमचा भरून तोंडात घातला.
कान लाल. डोळ्यांना धार. आणि नाक,
ते बंद पडलेलं सरकारी नाक, वाहायला लागलं.
"लागलं," म्हणाले, "अगं, लागलं!"
रुमालाआडून आणखी एक चमचा.
लोकेंद्र पाण्याचा ग्लास घेऊन धावत आला.
त्याला काय सांगणार,
पाच महिन्यांनी घरात कुणीतरी आलंय
दार आपटत.

खाली रिक्षात बसतोय तर पोरीचा फोन.
हे सांगत सुटले: भात, पेटी, ओला केवडा,
हात न धुता गेलेला माणूस,
सगळं माझंच, शब्दही न बदलता.
मी पलासियाचे दिवे बघत होते.
मग म्हणाले, "आणि शेवटची ती हिरवी शेवई, बर्फातली.
ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीला
वास यायचा ना, अगदी तसा."

हे मी सांगितलं नव्हतं.
नवव्या ताटलीला मी गप्प होते.

खोटं असेल. विचारलं नाही.
ह्यांनी खिशातली पुडी काढली,
सिग्नल सुटेपर्यंत हातात धरली,
न उघडता परत ठेवली.