कोरडी हिरवळ

जुलैत दर्या बंद. राजपुरीच्या खाडीत
होड्या झापांखाली शाकारलेल्या,
आणि उस्मान तांडेल आपल्याच होडीच्या पोटात बसून
पुण्याचं कोल वाचतो. चष्म्याला सुतळी.

जॅकपॉट, तिसरी ते सातवी.
"दोन, एक, तीन, एक, दोन. गुण."
बारा, मी म्हणतो.
"बारा तिकिटं. डिझेलपेक्षा स्वस्त."

गेल्या रविवारी जिंकलेल्या घोड्याच्या पाठीवर
साडेतीन किलो वाढवलेत.
"जिंकण्याचा दंड," म्हणत पेन्सिलीची फुली.
चौथीत फेवरीट एकटाच, त्यावर वाद नको.
सहावीतही एकटाच, पण ज्याला कुणी विचारत नाही तो,
एकोणपन्नास किलोवाला:
"चिखलात हलकं पाऊल बुडत नाही."

चिखल कुठनं आणलास, तांडेल?
त्याने बोट वर केलं.
जंजिऱ्यावरून काळा ढग सरकत होता, पूर्वेला.
"आता हितं. साडेतीनला रेसकोर्सावर.
पेपरातल्या पंडितांना हे कुठलं ठावं!"

तिसरी आली. चौथी आली.
पाचवीत आमचा तिसरा, नाकाच्या अंतराने.
रेंजसाठी मी नाळेवर उभा, मोबाइल डोक्यावर धरून.
सहावीत आमचा नववा.
हिरवळ कोरडी होती म्हणे, ठणठणीत.

तो रागावला नाही. कोल उलटून
मागच्या जाहिरातीच्या कडेला बारीक लिहिलं:
ढगाला वजन जास्त. ताम्हिणी चढवली नाही.

मग बऱ्याच वेळाने,
"सातवी कोण?"

आमच्या दोघांतलाच होता.
सांगितलं.
"बघ," म्हणाला,
आणि पेन्सिलीला टोक काढायला
मासे कापायची सुरी शोधू लागला.