शेऱ्याचा रकाना

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत
फवारणीच्या पंपांशेजारी मला टेबल मिळालंय.
कुरखेड्याहून येणारी लाइन अकराला जाते.
ती येईल तेव्हा येईल.

वहीत दोनशे चौदा वनस्पती,
तीन उन्हाळे, चार जणांची अक्षरं,
एका पानावर वाळलेला हिरवा डाग.
तरोट्याचा असावा.
कारण तिथंच कुणीतरी कॅशिया टोरा लिहिलंय,
पुढे दुसऱ्या शाईत सेन्ना टोरा,
आणि सतराव्या पानावर, घाईघाईत, सेना तोरा,
जणू एखादी फौज निघाली आहे
तोरा मिरवत.

मी यादी चिकटवते, बटण दाबते.
सॉफ्टवेअर एकेका ओळीची चौकशी करतं.
हे नाव मान्य. हे जुनं झालं.
ह्यात एक अक्षर चुकलंय,
तुम्हाला बहुधा हे म्हणायचंय, शेकडा त्र्याण्णव.

बहुधा!
यंत्राच्या तोंडी हा शब्द मला आवडला.

खैर आता अकेशिया नाही,
सेनेगालिया म्हणायचं.
ज्याच्या काताशिवाय इथला विडा रंगत नाही
त्याच्या सातबाऱ्यावर रातोरात
समुद्रापलीकडचा मुलूख चढला.
धावडा तर बिऱ्हाड उचलून ऐनाच्या घरी राहायला गेला.
दोघंही टर्मिनॅलिया, आता एकाच आडनावाचे,
आणि नाल्यापलीकडे दोघं उभे आहेत तसेच,
एक पांढुरक्या सालीचा, एक मगरीच्या पाठीचा.
त्यांना कुणी काही कळवलेलं नाही.

संध्याकाळी आकडा आला, एकशे अठ्ठ्याऐंशी.
ग्रामसेवक डोंगरवारांनी चष्मा कपाळावर नेला.
"मॅडम, जिल्ह्याले आपण दोनशे चौदा कळवले.
सव्वीस झाडं गेली कुठं?
ऑडिटवाला म्हणन, पंचायतीनं तोडून खाल्ली."
मी म्हटलं, गेली नाहीत, जुळली.
एकाच झाडाची दोन-दोन नावं होती.
"म्हंजे रेशनच्या यादीसारखं झालं," ते म्हणाले,
आणि त्यांचं समाधान झालं.

रैनूबाई हलामी दाराला टेकून ऐकत होत्या.
वहीतली निम्मी झाडं त्यांनीच दाखवलेली,
बोट न करता, हनुवटीनं.
"तुह्या मशीनमंदी मोहाचं येकच नाव?"
एकच.
त्या हसल्या. मग सांगत गेल्या.
बांधावरचा आधी गळतो.
तळ्यावरचा गोड, पण अस्वलालेही मालूम हाये.
देवाच्या वाटेवरचा बारीक फुलाचा, वाळला की मनुका.
अन् एक सासूमोह,
रातभर जागवतो
अन् पहाटे टोपलीचं बूडही झाकत नाही.
"हे सारे येकच असन
त आमी दरसाल भांडतो कायसाठी?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.
त्यांनी पाहिली, सभ्यपणानं,
दुसऱ्याच्या घरातला फोटो पाहावा तशी.

जाताना त्यांनी सहज विचारलं, बँकेचं काही झालं का.
तेंदूचा बोनस दोन वर्षं अडकलाय.
पासबुकात रैनू, आधारवर रयनू,
वनखात्याच्या यादीत, कोण जाणे कशी, रेणुका.
मी मनातल्या मनात गुण दिले.
पहिली दोन नावं नव्वदच्या घरात,
तिसरं साठ तरी.
चारोळीच्या एका नोंदीला मी आज
याहून कमी गुणांत पास केलं होतं.
पण बँकेच्या यंत्राला
बहुधा हा शब्द शिकवलेला नाही.

साडेनऊला लाइन आली.
बल्बभोवती पाखरं जमली, त्यांची नावं मला विचारू नका.
मी शेवटी एक रकाना वाढवला, शेरा.
मधुका लाँगिफोलिया. मान्य. एक जाती.
शेरा: बांधावरचा आधी गळतो.
शेरा: तळ्यावरचा अस्वलाला माहीत आहे.
मग सासूमोह टाइप केलं
आणि त्याखाली तांबडी रेघ उमटली.

राहू दिली.