दोसर भवनच्या अलीकडे

पहिल्या आठवड्यात गाडी झिरो माइलभोवती
नुसती गोल फिरत राहिली.
खांबाजवळून गेलं की दहा गुण, असं मीच लिहिलं होतं.
तिनं हिशेब केला: पुढं जायचंच कशाला?
सकाळी कूलरमधलं पाणी संपलेलं
आणि तिच्या नावावर चार लाख गुण.
शर्यत सुरूच झाली नव्हती.
मला हसू आलं, थोडी लाजही वाटली,
कारण पुण्यातल्या नोकरीत सहा वर्षं
मीही हेच केलं होतं.

मग ठरवलं, गुण नकोत. माणसाचं बघून शिकू दे.
खालच्या मजल्यावर गुलाबराव मौंदेकर,
तेहतीस वर्षं शहर बस, आता गुडघे आणि थंड पाण्याची बाटली.
त्यांना वर आणलं, स्टिअरिंग टेबलाला आवळलं.
त्यांनी आधी आरसा शोधला.
"मागचं दिसते कसं मंग?"
मी म्हटलं, शर्यत आहे काका, मागचं बघायचं नसतं.
ते काही बोलले नाहीत.
चप्पल काढून पाय पेडलवर ठेवला.

बावीस दुपारी चालवली त्यांनी.
बाहेर सेहेचाळीस अंश, आत खसाचा ओला वास,
आणि पडद्यावर रिकामी सेंट्रल एव्हेन्यू,
जशी ती खरी कधीच नसते:
ना हातगाडी, ना राँग साइडनं येणारा कुणाचा भाचा.
सेकंदाला साठ वेळा मी नोंदत होते
चाकाचा कोन, पायाचा दाब.
नेटवर्क ते गिळायचं, चुकायचं, पुन्हा गिळायचं.

आलेख काढला तेव्हा दिसला तो खड्डा.
रामझुला उतरून, मेयो मागे पडल्यावर,
दोसर भवनच्या अलीकडे,
दर फेरीत
वेग साठवरून अठरावर.
सरळ रस्ता. मी तिथं काही ठेवलंच नव्हतं.

"काका, इथं ब्रेक कशाला?"
त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग पायाकडे,
जणू तो दुसऱ्याच कुणाचा.
"मारला का मी?"
बऱ्याच वेळानं म्हणाले, "असंन काही तरी,"
आणि मठ्ठा अर्धा ठेवून खाली गेले.

रविवारी भर उन्हात स्कूटी काढली.
तिथं मेट्रोचा खांब, मोबाइल कव्हरांचं दुकान,
एका शटरवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फाटका फलक.
पानवाल्याला विचारलं, इथं आधी काय होतं?
"कधी आधी?" तो म्हणाला.
हे मला सांगता येईना.

नोंदीतला गोंगाट म्हणून पुसायला हवं होतं ते.
एका ओळीचं काम.
नाही केलं.

आता खेळ विकला जातो. लाल गाडी
गुलाबरावांच्या पायानं धावते.
माझा नऊ वर्षांचा भाचा, ओजस, तिथंच दबा धरून असतो.
"मावशी, ही घाबरते इथं," म्हणतो, आणि जिंकतो.
घाबरत नाही रे, असं म्हणावंसं वाटतं.
मग काय करते, ते ठाऊक नाही.

परवा रात्री साडेअकराला घरी येताना
रस्ता पार मोकळा,
आणि दोसर भवनच्या अलीकडे माझा हात ब्रेकवर.
मागून ऑटोवाला हॉर्न देत गेला:
"झोपल्या का ओ मॅडम!"