जादा दोनशे बारा मीटर

शिवडीच्या गोदामांमागे, रूळ गवतातून वर येतात तिथे
मी चाक टेकवलं.
एकच चाक, लांब दांडा, मुठीजवळ आकडा.
दर मीटरला टिक्.
फायलीत टाइप केलंय: बंद बंदर-मार्ग,
प्रस्तावित पायवाट व सायकलपथ,
रुंदी चार मीटर, दुतर्फा सावली.
सावलीचा रकाना मी भरायचा आहे.

पहिल्या चारशे मीटरांत
बफर फोडून आलेला एक पिंपळ,
एरंड, घाणेरी, कुणाचं तरी फुटकं कमोड,
आणि रुळावर ओळीनं वाळत घातलेले सोडे.
‘लोखंड तापतं, दुपारपर्यंत कडक होतात,’
हिराबाय नाखवा म्हणाली.
‘तुमच्या सिमेंटवर होतील काय?’
रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं:
सोडे.

साहेबांच्या नकाशात ही वाट वडाळ्याला थांबत नाही.
तुटक रेघेनं खाडी ओलांडते,
घाट चढते, कागदाच्या कडेवरून खाली उतरते.
लोक येतील, मी तिला सांगितलं,
आठ-आठ दिवस चालतील हौसेनं,
पाठीवर बिऱ्हाड घेऊन.
ती हसली, माशी हाकलली.
‘पाठीवर बिऱ्हाड आम्ही तीनदा घेतलं.
हौस तेवढी राहून गेली.’

पुढे सांध्यांची जुनी केबिन,
तिला पत्र्याची पाठ लावून कासम परकारांचं घर.
अठ्ठावीस वर्षं सांधेवाला.
दांडा ओढला की कापूस इकडे, गहू तिकडे.
‘चुकलो एकदाच.
साखरेच्या बावीस वाघिणी
कोळशाच्या साइडिंगला नेऊन लावल्या.
मुकादम रडायचा बाकी. मुंग्यांची मात्र ईद.’
नात ऐकत होती, आफिया, सहा-सात वर्षांची.
तिला वाटतं वाघिणी खऱ्याच होत्या,
पट्ट्यापट्ट्यांच्या, एकामागे एक, शेपटीला शेपटी बांधून.
आजोबांनी हे कधी दुरुस्त केलेलं नाही.

आता त्यांचेच सांधे धरलेत.
‘डॉक्टर म्हणतो, रोज तीन किलोमीटर चाला.
रस्त्यावर ट्रक. चालू कुठं?
ही वाट झाली की बघ, पहिला मी उतरणार.’
मग चहाचं आधण ठेवायला आत वळता वळता,
सहज विचारावं तसं:
‘आणि घर?’

घर फायलीत आहे.
अडथळा क्रमांक सतरा.
मी त्या ओळीवर करंगळी ठेवून बसले,
जशी काही करंगळीखाली
एक खोली, एक मोरी, दोन कोंबड्या मावतात.

तेवढ्यात आफियानं चाक पळवलं.
टिक् टिक् टिक् टिक्,
कुजलेल्या स्लीपरांवरून उड्या घेत,
गटाराच्या फळीवरून,
पार शाळेच्या भिंतीपर्यंत
आणि तिथून परत,
तोंडानं इंजिनाचा आवाज काढत,
जो तिनं कधी ऐकलेला नाही.
कासमचाचा गुडघा धरून दारात आले
आणि हवेतला एक दांडा
दोन्ही हातांनी ओढून धरला,
ती आत येईतो.

आकडा दोनशे बारानं वाढला होता.
नियम असा की शून्य करावं,
बफरपासून पुन्हा चालत यावं.
ऊन चढलेलं. चहात आलं जास्त झालेलं.
मी आकडा होता तसा उतरवला.

कचेरीत विचारतील.
नकाशा आणि मोजणी जुळत नाही, बाई,
हे दोनशे बारा मीटर आणलेत कुठून?
म्हणेन, जागेवर चला, दाखवते.
फक्त दुपारनंतर या.
सोडे उचललेले असतील.