डावीकडे केरॅटिन

घणसोलीत, सिम्प्लेक्सच्या मागच्या गल्लीत,
मोबाईल रिपेअर आणि पोळीभाजी केंद्र यांच्या मधल्या गाळ्यात
केसांचा भाव लांबीवर असतो.
कानापर्यंत तीन हजार, खांद्यापर्यंत साडेचार,
त्याखाली वीत वाढली की हजार वाढतात.
जीएसटी वेगळा.

करिष्मा मढवी माझ्या पाठीमागे उभी राहून
कंगव्यानं मापते मला.
एक बट ओढून सरळ धरते, सोडते,
ती वर उडी मारते.
"कुरळे आहेत ना ताई, ओढले की लांब निघतात."
म्हणजे दिसायला खांद्यापर्यंत
आणि पैसे पाठीपर्यंतचे.

फरक काय गं, दोन्हीत?
"स्मूदनिंगनं केसाची मोडच बदलते,
नवीन उगवेल तेवढं सोडून कायमचं.
केरॅटिन म्हणजे वरून लेप, चारपाच महिने.
आणि बोटॉक्स म्हणतात त्यात सुई नसते, घाबरू नका."
पाठ केलेलं, न अडखळता.
आणि त्या क्रीममध्ये असतं काय?
इतका वेळ काउंटरची भाषा बोलणारी ती
एकदम तळवलीची होते:
"मना नाय म्हाईत. डोले चुरचुरतान, येवरंच म्हाईत."
एसी चालू म्हणून एक्झॉस्ट बंद.

महापेला नवीन नोकरी लागलीय, समोरच्या टेबलावर.
"केस तेवढे जरा व्यवस्थित," एचआरवाले म्हणाले
आणि सवयीनं स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.
त्यांना टक्कल आहे.

केस बाबांकडून आलेत.
वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात बत्तीस वर्षं
डोक्यावर गोणी,
कडेनं कुरळे राहिले, मधोमध बसले ते बसलेच.
तिथंही भाव होता,
गोणीवर.

"थांबा, दाखवतेच," म्हणून करिष्मा क्लिप काढते.
जानेवारीत कंपनीची ट्रेनरबाई आली होती,
शिकवायला एक डोकं हवं होतं.
डावीकडे केरॅटिन, उजवीकडे स्मूदनिंग,
आणि मानेवर दोन बोटांची पट्टी तशीच ठेवलेली,
आधी कसे होते ते दाखवायला.
"हात लावा ना, गिऱ्हाईक हात लावल्याशिवाय ठरवत नाही."
डावीकडचं सुटत चाललंय, टोकाला पिसं.
उजवीकडचं थंड, सरळ, दुसऱ्या कुणाचं वाटावं असं.
पट्टीत माझं बोट अडकतं.
हे कितीला?
ती आरशात हसते. "ते राहिलंय हो."
पैसे मिळाले का डोक्याचे?
"शाम्पूची बाटली मिळाली. छोटी."

मग नियम.
तीन दिवस पाणी नाही, रबर नाही,
कानामागे बटसुद्धा सरकवायची नाही, वळ पडतो.
आणि घाम?
"घाम येऊ द्यायचा नाही."
बाहेर मे महिना, रिक्षा स्टँडवर सावली नाही.
शाम्पू सल्फेट नसलेला, साडेनऊशे, महिनाभर पुरतो.
मी मनात बेरीज करते,
सोसायटीच्या मेंटेनन्सपाशी येऊन थांबते,
परत पहिल्यापासून करते.
एक तारखेनंतर ये म्हणते ती, अ‍ॅडव्हान्स पाचशे, परत मिळत नाही.
पाचशे देते.
पावतीवर माझं नाव विनिता लिहिते ती. विनया आहे.
राहू दे म्हणते.

रात्री कुर्त्याच्या बाहीवर एक केस सापडतो.
माझा नाही, एवढा लांब नाही माझा, ओढला तरी.
ट्यूबखाली धरते:
वीतभर सरळ, ताणलेल्या दोऱ्यासारखा,
आणि मुळाकडची दोन बोटं
गोल, गोल.

उजवीकडचा असणार.