खिळे

जेम्सटाउन, १६२३

घर जाळलं आम्ही. आमचंच.
वरच्या अंगाला नवं बांधायचं तर खिळे हवेत,
आणि खिळे ब्रिस्टलच्या जहाजातून येतात,
येतात तेव्हा येतात.

राख निवेपर्यंत टॅमसिन
चुलीच्या दगडावर बसून राहिली.
मग चाळणी घेतली,
माहेरी, डेव्हनला, सातूचं पीठ चाळायची तशी.
एकशे त्रेचाळीस निघाले.
वाकलेले मी दगडावर ठोकून सरळ केले.

एक तिनं ओळखला.
यावर हम्फ्रीचं टोपडं असायचं.
हा मोजू नकोस, म्हणाली.

जहाजातून उतरलो तेव्हा आम्ही एकशे आठ.
या मार्चात एकवीस.

नदीपलीकडे ज्यांचा मका होता
त्यांच्या घरांना खिळे नसतातच.
सालीच्या दोऱ्यांनी बांधतात,
हवं तेव्हा सोडून
पाठीवर घेऊन निघतात.
गेल्या कापणीला आम्ही तीही जाळली,
उभ्या कणसांसकट.
राखेत वेचण्यासारखं काही नव्हतं.
मी तरी पाय घालून पाहिलं.

कंपनीचा कारकून
बोरू शाईत बुडवून विचारतो,
लंडनला काय कळवू, या वर्षाचं उत्पन्न?

लिही बाबा,
खिळे. एकशे बेचाळीस.